पिंचोची पहिली फेरी: सान सेबास्तियनच्या बारमध्ये नवख्यांनी कसं खावं

उत्तर स्पेनमधल्या सान सेबास्तियनच्या जुन्या शहरात रात्री आठच्या सुमारास कुठल्याही बारमध्ये डोकावा, नवखा पाहुणा लगेच ओळखू येतो. त्याच्या हातात भलीमोठी बशी असते, बशीत सात-आठ पिंचो, म्हणजे दोन-तीन घासांचे छोटे पदार्थ, रचलेले असतात, आणि तो बसायला टेबल शोधत असतो. टेबल मिळत नाही. पोट मात्र पहिल्याच बारमध्ये भरतं, तेही पावावर. पलीकडच्या बारच्या स्वयंपाकघरात त्याच वेळी तव्यावर काय चाललंय, याचा त्याला पत्ताही लागत नाही.

तुमचं तसं होऊ नये म्हणून हा लेख. सगळ्यात आधी एक नियम पाठ करून टाका: एका बारमध्ये एक पेय, एक पदार्थ (फार तर दोन), आणि मग पुढचा बार. पिंचो ही फेरी मारून खायची गोष्ट आहे. बसून पोटभर जेवायचं असेल, तर त्या शहरात त्यासाठी वेगळी आणि उत्तम रेस्टॉरंटं आहेत.

आधी थोडी ओळख

स्पेनच्या उत्तरेला, बिस्केच्या उपसागराकाठी, फ्रान्सच्या सीमेला लागून बास्क प्रदेश आहे. सान सेबास्तियन हे त्यातलं दोन लाखांच्या आतल्या वस्तीचं शहर. बास्क भाषेत त्याचं नाव दोनोस्तिया. रस्त्यांच्या पाट्यांवर दोन्ही नावं दिसतात, तेव्हा आपण भलत्याच गावात उतरलो असं वाटून घाबरू नका.

पिंचो म्हणजे मुळात पावाच्या चकतीवर काहीतरी ठेवून काडीनं टोचलेला घास. आता काडी असेलच असं नाही, पावही असेलच असं नाही. छोट्या बशीत येणारा, दोन-तीन घासांत संपणारा कुठलाही पदार्थ पिंचोच्या नावाखाली खपतो. स्पेनच्या दक्षिणेला, विशेषतः ग्रानादात, पेयाबरोबर तापा, म्हणजे तोंडात टाकायला छोटासा पदार्थ, फुकट येतो. इथं तसं नाही. प्रत्येक पिंचोचे पैसे लागतात, आणि बास्क माणसाला त्याच्या पिंचोला कुणी तापा म्हटलेलं फारसं रुचत नाही.

बारमधल्या फळ्यावर लिहिलेली पदार्थांची नावं वाचता यावीत म्हणून बास्क स्पेलिंगची एवढीच गंमत लक्षात ठेवा: टी आणि एक्स जोडून आले की च, नुसता एक्स आला की श, आणि झेड दिसला की स. ही भाषा आजूबाजूच्या कुठल्याच भाषेच्या नात्यातली नाही, त्यामुळे स्पॅनिश किंवा फ्रेंच येत असलं तरी अंदाज बांधता येत नाही. तिथल्या सगळ्यांना स्पॅनिश येतंच. पण आत शिरताना ‘काइशो’ (नमस्कार) आणि निघताना ‘एस्केरिक आस्को’ (आभार) म्हटलंत, तर काउंटरपलीकडचा चेहरा थोडा सैल होतो.

वेळ सांभाळा

भारतातून जाणाऱ्यांची सगळ्यात जास्त फजिती होते ती इथं. फेऱ्या दोन. दुपारची साधारण साडेबारा ते तीन, रात्रीची साडेसात ते साडेदहा. मधल्या वेळात बार उघडे दिसतात, काउंटरवर काही पिंचोही असतात, पण ते दुपारचे उरलेले. स्वयंपाकघर बंद असतं. म्हणजे आपल्या चहा-नाश्त्याच्या वेळी, पाच वाजता भूक लागली म्हणून गेलात, तर मऊ पडलेला पाव मिळेल आणि ‘एवढं नाव ऐकलं होतं, त्यात काय विशेष’ असं म्हणत परत याल. त्या वेळी कॉफी प्या, समुद्रकाठानं चाला.

गर्दीचा कंटाळा असेल तर फेरीच्या अगदी सुरुवातीला पोचा. काउंटर तेव्हा नुकताच भरलेला असतो आणि वाढणाऱ्याला तुमच्याशी दोन शब्द बोलायला सवड असते. नऊनंतर गल्लीतून चालणंही मुश्कील होतं.

रविवारी रात्री आणि सोमवारी पुष्कळ बार बंद असतात. दोनच रात्री मुक्काम असेल तर त्या रविवार-सोमवार नसतील असं बघा. २० जानेवारीला तांबोराडा, म्हणजे शहरभर ढोल वाजवण्याचा उत्सव, ऑगस्टच्या मध्यावर ‘आस्ते नागुसिया’ हा मोठा आठवडा, आणि सप्टेंबरात चित्रपट महोत्सव. या दिवसांत मजा भरपूर, पण खोल्या महाग आणि काउंटरपाशी पोचणं कठीण. मे, जून आणि ऑक्टोबर मला जास्त बरे वाटतात. छत्री मात्र बारा महिने हवी. तिथली ‘सिरिमिरी’ नावाची भुरभुर कधी सुरू होईल याचा नेम नाही.

पोचायला बिल्बाओचा विमानतळ सोयीचा. तिथून थेट बस मिळते आणि ती सव्वा तासाच्या आसपास घेते. जुनं शहर उर्गुल टेकडी, बंदर आणि उरुमेआ नदीचं मुख यांच्यामध्ये वसलेलं आहे, आणि इतकं छोटं, की फेरीसाठी वाहनाची गरजच नाही.

काउंटरपाशी उभं राहायचं कसं

दारात थांबून कुणी बसवायला येईल याची वाट बघू नका. कुणी येत नाही. रांगही नसते. आत शिरायचं, काउंटरला जिथं खांदा लागेल तिथं तो लावायचा आणि वाढणाऱ्याशी नजरानजर होईपर्यंत शांतपणे थांबायचं. हात हलवून, टिचकी वाजवून बोलावणं तिथं उद्धटपणाचं समजतात. आणि काळजी नको. बारवाल्याला कोण आधी आलं हे बरोबर माहीत असतं.

नजर मिळाली की आधी पेय सांगा. ते ओततायत तोवर काउंटरवरून नजर फिरवा. तिथं मांडलेले असतात ते गार पिंचो: पावावर खेकड्याचं सारण, तळलेली मिरची आणि मासा, उकडलेलं अंडं आणि कोळंबी, मेयोनीज घातलेली बटाट्याची कोशिंबीर. पूर्वी लोक आपल्या हातानं उचलून खात आणि जाताना आकडा सांगत. अलीकडे बऱ्याच ठिकाणी हे सगळं काचेखाली गेलंय आणि वाढणारा तुम्हाला उचलून देतो. म्हणून हात घालण्याआधी शेजारचा काय करतोय ते बघा.

बशी मागितलीत की काही ठिकाणी मोठी रिकामी बशी हातात येते. तीच ती नवख्याची बशी. तिच्यात एकच पिंचो ठेवून ती परत काउंटरवर ठेवा, कुणी काही म्हणत नाही.

आता मुख्य गोष्ट. काउंटर म्हणजे दुकानाची दर्शनी बाजू. तिथल्या वस्तू देखण्या असतात, पण तासाभरापूर्वी केलेल्या असतात. चांगल्या बारची खरी करामत फळ्यावर लिहिलेली असते, किंवा कुठंच लिहिलेली नसते. ती सांगितल्यावर आतून गरम करून येते. त्यासाठी एक वाक्य पाठ करा: ‘के आय दे कोथिना?’, म्हणजे स्वयंपाकघरातून काय आहे? उत्तर भरभर येईल, अर्धं कळणार नाही. मग शेजाऱ्याच्या बशीकडे बोट दाखवून ‘हे’ म्हणा. हे असभ्य नाही. उलट शेजारी खूश होऊन तो पदार्थ कसा खायचा तेही सांगतो.

गरम पिंचोला पाच-दहा मिनिटं लागतात. तयार झाला की तुमचं नाव पुकारतात किंवा चार डोक्यांवरून बशी पुढे येते. उभ्यानंच खायचं. भिंतीला अरुंद फळ्या असतात, बाहेर पिंपं असतात, पेला ठेवायला तेवढं पुरतं. बाहेरच्या खुर्च्यांवर बसलात तर काही ठिकाणी दर जास्त लागतो. हात पुसायला पातळ कागदी रुमाल मिळतात, ते काही टिपत नाहीत, फक्त तेल इकडचं तिकडे करतात. पूर्वी ते सर्रास जमिनीवर टाकत आणि खाली कागदांचा खच असलेला बार चांगला, असंही म्हणत. आता काउंटरच्या पायथ्याशी टोपली असते. ती वापरा.

पेयं छोटी घ्या

चार-पाच बार करायचे आहेत हे विसरू नका. तिथली पेयंही त्याच हिशोबानं छोटी असतात. ‘सुरितो’ म्हणजे बिअरचा अगदी छोटा पेला, दोन-चार घोटांत संपणारा. ‘कान्या’ त्याहून मोठा. ‘चिकितो’ म्हणजे वाइनचा छोटा पेला. मित्रांच्या टोळक्यानं असे पेले रिचवत बारमागून बार पालथे घालायचे, याला ‘चिकितेओ’ म्हणतात. पिंचो वाढला तो याच सवयीच्या आधारानं.

पहिल्या फेरीला चाकोली घ्याच. ही स्थानिक पांढरी वाइन: आंबटसर, हलकी, किंचित फसफसणारी. जवळच्या गेतारिया गावच्या उतारांवर तिचे मळे आहेत. बाटली हातभर उंच धरून रुंद पेल्यात बोटभरच ओततात. फेस येतो, तो बसायच्या आत प्यायची. तिचा आंबटपणा खारट माशाला बरोबर कापतो. नुसती प्यायलात तर कदाचित आवडणार नाही.

दारू घेत नसाल तरी अडत नाही. ‘मोस्तो’ मागा. हा द्राक्षाचा गोड रस, बर्फ घालून आणि बऱ्याचदा ऑलिव्ह किंवा संत्र्याची फोड टाकून देतात. तिथली मोठी माणसंही तो पितात, त्यामुळे लहान मुलाचं पेय मागितल्यासारखं होत नाही. मुलांना बारमध्ये नेणंही तिथं अगदी सहज चालतं.

सुरुवात हिल्दापासून

पहिला घास कुठला, हा प्रश्नच नको. हिल्दा. एका काडीवर हिरवी ऑलिव्ह, मिठात मुरवून तेलात ठेवलेली अँचोव्ही आणि व्हिनेगरमधल्या लांबट हिरव्या मिरच्या. झालं. शिजवणं नाही, पाव नाही.

ही काडी १९४० च्या दशकात सान सेबास्तियनच्याच कासा वायेस या बारमध्ये जन्मली असं मानतात. तिथं वाइनबरोबर ऑलिव्ह, मिरची, अँचोव्ही वेगवेगळं ठेवत, आणि एका नेहमीच्या गिऱ्हाइकानं ते एकाच काडीत ओवलं. नाव पडलं हॉलिवूडची अभिनेत्री रिटा हेवर्थ हिच्या १९४६ च्या ‘गिल्डा’ चित्रपटावरून. हिरवी, खारट आणि थोडी तिखट, म्हणजे पडद्यावरच्या त्या बाईसारखीच चावट, असा त्या काळचा विनोद. स्पॅनिश उच्चारात गिल्डाची हिल्दा झाली.

अँचोव्ही हा आपल्या मांदेलीच्याच कुळातला मासा. पण इथं तो मिठात महिनोन्‌महिने मुरलेला असतो, रंगानं तांबूस-तपकिरी आणि चवीला जबरदस्त खारा. नुसता खाल्लात तर तोंड वाकडं होईल. म्हणूनच काडी एकाच घासात, फार तर दोन घासांत संपवायची. ऑलिव्हचा तेलकटपणा, मिरचीची आंबट कुरकुर आणि माशाचा खार एकदम तोंडात यायला हवा. एकेक वस्तू वेगळी काढून चाखणारे पाहुणे बघितले की बारवाल्यांना वाईट वाटत असणार.

मिरचीबद्दल एक खुलासा. ती इबारा गावची ‘पिपारा’, नावाला मिरची. कोल्हापूरच्या माणसाला तर ती भाजी वाटेल. तिखटाच्या अपेक्षेनं जाऊ नका. एकूणच बास्क स्वयंपाकात तिखट आणि मसाला जवळजवळ नसतो. लसूण, अजमोदाची पानं, ऑलिव्ह तेल, मीठ आणि लाल सुक्या मिरचीचा गोडसर गर एवढ्यावर तो चालतो. पहिल्या दिवशी सपक वाटेल. दुसऱ्या दिवशी जीभ माशाची आणि अळंब्यांची चव शोधायला लागते.

एक फेरी, नावानिशी

बारची नावं देतो, पण यादी पुरी करायची म्हणून पळू नका. चार पुरेत.

पेस्कादेरिया गल्लीत चेपेचा आहे. इथं फक्त अँचोव्हीचं राज्य. पण ही अँचोव्ही खारवलेली नव्हे, तर व्हिनेगरमध्ये मुरवलेली, पांढरी, मऊ. भाजलेल्या पावावर ती ठेवून वर खेकड्याचं क्रीम, मिरची-कांदा किंवा असंच काही. हिल्दा खारट वाटली असेल त्यांनीही ही खाऊन बघावी.

त्याच गल्लीत बार नेस्तोर. याची गोष्ट वेगळीच आहे. इथं बटाट्याचं ऑम्लेट, म्हणजे तोर्तिया, दिवसाला दोनच करतात: एक दुपारी, एक रात्री. दुपारी एक वाजता आणि रात्री आठ वाजता, अशा सुमाराला ती तव्यावरून उतरते. तुकडा हवा तर तासभर आधी जाऊन यादीत नाव लिहून यावं लागतं आणि वेळेला हजर राहावं लागतं. आतून ओलसर, कांद्यानं गोडसर झालेली ही तोर्तिया एवढा खटाटोप करण्याजोगी आहे का? एकदा, हो. त्याखेरीज तिथं मोजकंच मिळतं: तेल-मीठ घातलेले टोमॅटो, तळलेल्या गेर्निका मिरच्या आणि बैलाच्या किंवा गाईच्या मांसाचा मोठा काप, ‘चुलेता’.

तिथून फेर्मिन काल्बेतोन रस्त्यावर बोर्दा बेरी. काउंटरवर जवळपास काही नाही, सगळं फळ्यावर. इदियासाबाल चीजचा रिसोतो (मऊ, दाटसर भात) आणि मऊ शिजवलेलं मांस ही तिथली ओळख. सान तेल्मो संग्रहालयाच्या मागच्या बोळातलं ला कुचारा दे सान तेल्मोही याच धाटणीचं, गरम आणि सांगितल्यावर केलेलं. माझ्या मते नवख्यानं एक बार काउंटरचा केला की लगेच या दोघांपैकी एक करावा, म्हणजे दोन पद्धतींतला फरक जिभेलाच कळतो.

सान हेरोनिमो गल्लीतलं गानबारा रानटी अळंब्यांसाठी नावाजलेलं. परतलेल्या अळंब्या आणि मधोमध अंड्याचा कच्चा बलक, जो ढवळून खायचा. हा पिंचोच्या किमतीचा पदार्थ नाही, प्लेटच्या किमतीचा आहे. मागण्याआधी दर बघा. तळघरात टेबलं आहेत, पण गंमत वरच्या दाटीत आहे.

शेवट ३१ ऑगस्ट नावाच्या रस्त्यावर करा. नावाला कारण आहे. १८१३ साली त्या तारखेला इंग्रज-पोर्तुगीज फौजांनी फ्रेंचांच्या ताब्यातलं हे शहर घेतलं आणि मग लुटून जाळून टाकलं. जवळजवळ सगळं बेचिराख झालं, या रस्त्यावरची काही घरं तेवढी वाचली. त्या मोहिमेचा सरसेनापती वेलिंग्टन, म्हणजे त्याच्या दहा वर्षं आधी, १८०३ साली, असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला आर्थर वेलस्ली. या रस्त्यावरच्या ला विन्या बारमध्ये सान्तियागो रिवेरा यांनी वरून करपवलेला, आतून थलथलीत चीजकेक प्रसिद्धीला आणला. आज पुण्या-मुंबईच्या कॅफेंमध्ये ‘बास्क चीजकेक’ म्हणून मिळतो तो याचाच वंशज. मुळात खाली बिस्किटाचा थर नसतो. चीज, अंडी, साय, साखर, थोडं पीठ, आणि कडक भट्टी.

शाकाहारी असाल, किंवा गोमांस-डुकराचं मांस टाळत असाल

इथं खोटा दिलासा देत नाही. अंडं न खाणाऱ्या शाकाहाऱ्याला ही फेरी अवघड आहे. अंडं चालत असेल तर चांगली जमते.

‘सोय वेहेतारियानो’ (बाई असाल तर ‘वेहेतारियाना’) एवढं म्हणून भागत नाही. अनेकांच्या लेखी शाकाहारी म्हणजे मटणाचा तुकडा न खाणारा. मग तुमच्यापुढं ट्यूना घातलेली कोशिंबीर येते किंवा हॅमचे बारीक तुकडे पेरलेली भाजी. म्हणून नावं घेऊन सांगा: ‘नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन, नी आतुन’, म्हणजे मांस नाही, मासा नाही, हॅम नाही, ट्यूना नाही. अंडं चालतं हे सांगायला ‘कोमो उएवो’.

खाण्यासारखं काय? तोर्तिया, पण आत हॅम किंवा कॉड मासा नाही ना हे विचारून. भरड मीठ भुरभुरलेल्या तळलेल्या गेर्निका मिरच्या. उन्हाळ्यात ताज्या पिपारा तळून देतात, त्या तर मिरचीच्या भज्यांवर वाढलेल्या माणसानं चुकवूच नयेत. भाजलेल्या अळंब्या. तांबोरिल बारमधल्या प्रसिद्ध आहेत, सॉसमध्ये काय आहे तेवढं विचारा. टोमॅटो, चीज, ऑलिव्ह. क्रोकेता बघून बटाट्याचं कटलेट वाटेल, पण आत बहुधा हॅम किंवा कॉड असतो. लाल पिकियो मिरच्याही भरलेल्या असतात आणि सारण माशाचं निघतं. बटाट्याची ‘एन्सालादिया’ दिसायला निरागस, आत ट्यूना. इदियासाबाल हे मेंढीच्या दुधाचं उत्तम चीज, पण ते पारंपरिकपणे कोकराच्या जठरातलं रेनेट वापरून विरजतात. कडक शाकाहाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

गोमांस टाळणाऱ्यांनी ‘तेर्नेरा’, ‘बाका’, ‘चुलेता’ आणि ‘सोलोमियो’ हे शब्द ओळखावेत. ‘कारियेरा’, म्हणजे गालाचं मांस, बहुतेक वेळा गोवंशाचंच असतं. डुक्कर टाळायचं असेल तर ‘थेर्दो’, ‘हामोन’, ‘इबेरिको’, ‘चिस्तोरा’ आणि ‘मोर्सिया’. मासे खात असाल तर मात्र तुमच्यासारखं नशीबवान कुणी नाही. कॉड, हेक, स्क्विड, ऑक्टोपस, खेकडा, कोळंबी: अर्धा फळा तुमचाच असतो.

पैसे

बहुतेक ठिकाणी बिल शेवटी. निघताना ‘ला क्वेंता, पोर फावोर’ म्हणा आणि काय घेतलं ते विचारलं तर खरं सांगा. ही पद्धत विश्वासावर उभी आहे आणि बारवाल्याच्या स्मरणशक्तीवरही. गर्दीच्या काही ठिकाणी आता आधी पैसे घेतात, त्यात अपमान मानायचं कारण नाही. बशीतल्या काड्या मोजून बिल करण्याची पद्धत तुम्ही वाचली असेल. सान सेबास्तियनमध्ये तिच्यावर विसंबू नका.

गार पिंचो साधारण अडीच ते चार युरो, गरम चार ते सात, सुरितो किंवा चाकोली दोन-तीन युरो. एक युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला, तर चार-पाच बारची फेरी माणशी तीस-चाळीस युरोत बसते. टीप द्यायची सक्ती नाही. सुटे परत आले तर काही नाणी सोडतात, नाही सोडली तरी कुणी वाईट तोंड करत नाही.

चौघं-पाच जण असाल तर तिथल्या टोळक्यांची रीत उचला. सुरुवातीलाच सगळ्यांनी सारखी कॉन्ट्री काढायची, ती एकाच्या हवाली करायची आणि त्यानंच प्रत्येक बारमध्ये पैसे द्यायचे. याला ते ‘बोते’ म्हणतात. संपली की परत काढायची. काउंटरवर उभं राहून पाच कार्डांवर बिल विभागायला सांगाल, तर मागची गर्दी तुम्हाला विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी कुठं

नदीपलीकडचं ग्रोस हे स्थानिकांचं. तिथं सुरियोला समुद्रकिनारा आहे, सर्फिंग करणारी मुलं आहेत आणि बार जुन्या शहराइतकेच चांगले, गर्दी कमी. गुरुवारी संध्याकाळी तिथं ‘पिंचो-पोते’ असतो: पेय आणि साधा पिंचो मिळून थोडक्या पैशांत. खाणं त्या दिवशी यथातथाच. गल्लीभर उभ्या असलेल्या तरुण गर्दीत मिसळायला जा.

बिल्बाओत मुक्काम असेल तर जुन्या भागातला प्लासा नुएबा गाठा. चारही बाजूंनी कमानी आणि कमानींखाली बारच बार, म्हणजे एका चौकात पूर्ण फेरी. तिथं काउंटरवर पाव जास्त दिसतो. रविवारी दुपारी मुलं चौकात चेंडू खेळत असतात आणि आईबाप कमानीखाली वर्मूथ (वनौषधी घातलेली वाइन) घेत उभे असतात.

ऋतू बघून मागितलंत तर बारवाला तुम्हाला गंभीरपणे घेतो. वसंतात ताजी अँचोव्ही, उन्हाळ्यात बोनितो ट्यूना आणि पिपारा, शरदात रानटी अळंब्या. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत गेलात तर एक दिवस पिंचोला सुट्टी द्या आणि जवळच्या आस्तिगारागा किंवा एर्नानीतल्या सायडरघरात, म्हणजे सफरचंदाची दारू करणाऱ्या घरात, जा. तिथं ‘चोच!’ अशी आरोळी आली की सगळे उठून मोठ्या पिंपाकडे जातात आणि बारीक धारेखाली पेला धरतात. जेवण ठरलेलं: कॉडचं ऑम्लेट, मिरच्यांबरोबर कॉड, चुलेता, शेवटी चीज आणि अक्रोड.

आणि २१ डिसेंबरला, सान्तो तोमासच्या दिवशी शहरात असाल, तर रस्त्यावरच्या टपऱ्यांवर ‘तालो’ शोधा. मक्याच्या पिठाची, हातावर थापलेली, तव्यावर भाजलेली गोल पोळी, हुबेहूब आपली मक्याची भाकरी. त्यात चिस्तोरा, म्हणजे डुकराच्या मांसाचा बारीक सॉसेज, गुंडाळून देतात. नको असेल तर चीज घालून मागा, काही टपऱ्यांवर देतात. दुपारनंतर रांग वाढत जाते, तेव्हा सकाळीच गाठा.